पाटलाचे गोरे पाहुणे

सुरत, श्रावण १९६९

दादा, सप्रेम जयभीम.

इथं मागावर माझं बरं चाललंय, काळजी करू नकोस. आईचा खोकला कमी झाला का?

पाटलाचे गोरे पाहुणे पातळ चपलांवर ऐन पावसात गड चढणार, आणि वाट दाखवायला बोलावणं तुला? महारकी आपण धम्म घेतला तेव्हाच सोडली. असल्याच पाहुण्यांना उतरवताना बाबा कड्यावरून गेले. पाटील मातीलासुद्धा आला नाही. आता त्यालाच चढू दे.

पण पाहुणे वाट चुकले आणि धुक्यातून त्यांची हाक आली की तू जाणारच. मग त्यांना आपल्या घरी आण, चहा पाज. त्यांना न्यायला पाटील आपल्या दारात येईल. पाहुण्यांदेखत त्याला आपल्या माठातलं पाणी दे. बघू, नाही कसा म्हणतो!

तुझा धाकटा,
नागनाथ