पांढऱ्या कापडात शिवलेला डबा

शिमाने, जपान
१० ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
भावनाचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. होडीच्या इंजिनाने तुमचे कान नेले आणि माझा आवाज ऐकला की आई रडायला लागते, म्हणून फोन न करता कागदावर लिहिते आहे. पत्राचा फोटो हेतलवहिनीला पाठवते, ती प्रिंट काढून देईल. तुम्हीही तसंच लिहा. आधी खुशाली, मग काम, असं तुम्हीच मला पत्र लिहायला शिकवताना सांगितलं होतं. म्हणून खुशाली आधी.

सासूबाईंचं गाव डोंगरात आहे. अकरा घरं, त्यातली चार बंद. समुद्र गाडीने दोन तासांवर. नाओया लग्नानंतरची चार वर्षं हे गाव मला तोंडी फिरवत होता. दोनदा तिकिटं काढून रद्द केली, एकदा त्याच्या तळोज्याच्या कंपनीत काम निघालं म्हणून आणि एकदा मी विमानाला घाबरले म्हणून. आता ओढ्यावरचा तांबडा पूल दिसतो, फळांनी वाकलेलं झाड दिसतं, आणि ओळखलं हे सांगायला शेजारी तोच नाही. त्या नारिंगी फळाला इथे काकी म्हणतात. तो मला मुद्दाम सांगायचा, आमच्याकडे काकीला सोलून उन्हात टांगतात.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नव्हती. इथे टबातलं गरम पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असतं. बाहेर अंग धुऊन मग त्यात नुसतं बसायचं. पाहुण्याचा मान पहिला. मी आंघोळ झाल्यावर आपल्या सवयीप्रमाणे बूच काढून टब घासून ठेवला.  सासूबाईंनी पुन्हा पाणी भरलं आणि तापेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता काम. बाबा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

नाओया गेला त्या दिवशी मी सासूबाईंना फोन केला होता. त्यांनी विचारलं की दहन करणार ना. मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं, कारण इथेही दहनच करतात. म्हणून दोघींनीही पुढचं विचारलं नाही. पण इथे अस्थी पाण्यात सोडत नाहीत. चिनी मातीच्या भांड्यात भरून, पांढऱ्या कापडात बांधून घरी आणतात आणि एकोणपन्नासाव्या दिवसाच्या सुमारास घराण्याच्या समाधीच्या दगडाखाली ठेवतात. नाओयाचे वडील तिथेच आहेत.

मी दारात उभी राहिले तेव्हा सासूबाईंनी काळे कपडे घातले होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. माझ्या हातात आईने दिलेला फेण्यांचा डबा होता, कस्टममध्ये कोणी सहज उघडू नये म्हणून तिने पांढऱ्या कापडात शिवलेला. मला वाटलं, पाहुण्याकडून भेट घ्यायची ही रीत असेल. मी डबा दिला. त्यांनी तो कपाळाला लावला, छातीशी धरला आणि नाओयाच्या फोटोसमोर नेऊन ठेवला.

आज तीन दिवस झाले. त्या रोज सकाळी त्या डब्यापुढे वाफाळता भात ठेवतात आणि त्याच्याशी बोलतात. पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं, पण तोंड उघडलं नाही. रविवारी, एकोणीस तारखेला, नातेवाईक येणार आहेत. सगळे मिळून अस्थी भांड्यात घेतील आणि दगड सरकवतील.

बाबा, तिसऱ्या दिवशी सावडताना काही मागे राहिलं होतं का? एक कण असला तरी चालेल. खरं सांगा.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली,
भावना


श्री एकवीरा प्रसन्न
करंजा, ता. उरण
११ ऑक्टोबर

चि. भावनास, अ. आ.

हात सवयीनं सौ. लिहायला गेला, तो मागं घेतला. बापावर रागावू नको.

काय पन मागं राहिलं नाय, बाय. सावडायला मी सोता बसलो होतो. राख चाळली, बोटाच्या पेराएवढा कन पन सोडला नाय, जागा दुधानं धुतली. मानसाचं काय मागं राहिलं तर त्याचा जीव अडकतो, असं माझ्या बापानं सांगितलं होतं. मग होडीनं बाहेर समुद्रात नेऊन सगळं सोडलं. जावयाचं काम पोटच्या पोरासारखं केलं, असं मला तुझं पत्र येईपर्यंत वाटत होतं.

राजाबाई आत्याला सांगितलं. तिनं उरणच्या बाजारात कोलंबीचे वाटे लावता लावता निकाल देऊन टाकला. म्हनली, यात रडायचं काय, आमच्यात डबा उघडत नाय असं सांगायचं. आमच्यात काय चालतं आन काय नाय, हे त्या डोंगरात तुझ्याशिवाय कोनाला म्हाईत हाय? वर म्हनली, तुझी पोरगी शिकून शानी झाली, पन एक खोटं धड बोलता येत नाय.

मी पन म्हनतो तसंच कर. डबा दगडाखाली जाऊ दे. त्या माऊलीचा जीव शांत होईल. पाप लागलं तर माझ्या माथी. तुझी आई कालपासून सुईदोऱ्याकडं बघत नाय.

जेवत जा. तुझा जीव तेवढा आम्हाला परत आन.

तुझा बाप,
कमळाकर


शिमाने
१४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी तुमचं ऐकलं नाही. माफ करा.

आत्याचं वाक्य मी जपानीत जुळवलं होतं. आमच्यात उघडत नाहीत, एवढं तर लहान मूलही बोलेल. काल सकाळी सासूबाई भात घेऊन आल्या. आदल्या दिवशी भात जरा कडक झाला होता, त्याबद्दल त्यांनी डब्याची क्षमा मागितली. मग ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी कात्री आणली, आईचे टाके कापले आणि झाकण काढलं. अर्ध्या फेण्यांचा चुरा झाला होता.

त्यांनी खूप वेळ आत पाहिलं. मला वाटलं, ओरडतील, मला बाहेर काढतील. त्यांनी झाकण लावलं, डबा बाजूला ठेवला आणि गुडघ्यांवर बसून कपाळ चटईला टेकवून माझे आभार मानले. एवढ्या लांबून खाऊ आणला म्हणून. आईलाही आभार कळवायला सांगितले. बाबा, त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर सोपं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, तो कुठे आहे. मी म्हटलं, समुद्रात. त्यावर त्या म्हणाल्या, त्याला पोहता येत नव्हतं.

नऊ वर्षांचा असताना तो शेतीच्या तळ्यात पडला होता. त्यांनीच ओढून काढला. त्यानंतर त्याला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही, तोही कधी गेला नाही. हे त्यांनी मला कळावं म्हणून शांतपणे, सोपे शब्द निवडून सांगितलं.  त्या अजून माझं ताट वाढतात, माझा टॉवेल घडी करून ठेवतात. भात मात्र आता फोटोपुढेही ठेवत नाहीत.

मी खरं बोलून त्यांच्या मुलाला दुसऱ्यांदा नेलं, असं मला वाटतं. मी चुकले का?

आपली,
भावना


करंजा
१५ ऑक्टोबर

चि. भावनास, अ. आ.

चुकली नायस. चुकलो मी. तुला खोटं शिकवायला निघालो होतो.

पुढचं विहीनबाईंना वाचून दाखव. एकपन शब्द गोड करू नको.

बाई, तुमचा मुलगा पान्याला भितो हे मला म्हाईत होतं. माझ्याबरोबर दोनदा होडीत आला. दोन्ही वेळा फळी धरून बसला, बोटं पांढरी पडली होती. मी हसलो, तो पन हसला. तरी त्याला मी पान्यातच नेला. आमचा बाप, आजा, सगळे तिथंच गेले. आपल्या मानसाला दुसरीकडं कुठं ठेवायचं असतं हे मला सुचलंच नाय. तुम्हाला विचारायला पायजे होतं. तो तुमचा होता, मी माझा समजून बसलो. याला माफी मागायला तोंड नाय.

एवढंच. बाय, तुझ्या आईनं आज जेवन केलं.

तुझा बाप,
कमळाकर


शिमाने
१९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. बोटं पांढरी पडली होती, हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. 

आज सगळे आले. मला वाटलं होतं, कार्यक्रम रद्द होईल. पण त्यांनी दगड धुऊन घेतला आणि सरकवायला लावला. आत नाओयाचे वडील, आजी-आजोबा. एका बाजूला जागा साफ करून ठेवली होती. नातेवाइकांना त्यांनी स्वतःच सांगितलं की मुलाचं सगळं त्याच्या बायकोच्या माणसांनी त्यांच्या रीतीने नीट केलं आहे, कमी काही ठेवलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे वळून मान झुकवली. मग दगड तसाच, रिकाम्या जागेवर बंद झाला.

घरी आल्यावर चहा देताना त्यांनी मला समजावून सांगितलं. ती जागा दोघांची होती, नवऱ्याची आणि बायकोची. तो तिथे येणार नाही, तर तिथे माझंही काही नाही. मी तरुण आहे, दरवर्षी येऊन दगड धुवायचं ओझं माझ्यावर नको. मी माझ्या माणसांत जावं. रागाचा एक शब्द नव्हता. म्हणूनच मला कळलं की माफीही नाही, आणि ती मागायचा हक्कही आता नाही. मी म्हटलं, मी तुमची सून आहे. त्यांनी माझा कप भरला.

उद्या सकाळच्या बसने निघते. मला दोन्हीकडचं सुतक लागलं आहे असं वाटतं.

एक काम आहे. मी बॅग भरत असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, तिथे पाणी किती खोल आहे. मला माहीत नव्हतं. काहीतरी सांगून टाकणं मला जमलं नाही. वडिलांना विचारून कळवते, असं म्हटलं. त्यांनी इथला पत्ता माझ्याकडून पुन्हा लिहून घेतला आणि एक एक अक्षर तपासलं.

बाबा, अंदाज नको. माप हवं.

माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
भावना


श्री एकवीरा प्रसन्न
करंजा
२१ ऑक्टोबर

चि. भावनास, अ. आ.

तू मुंबईत उतरलीस की हे हातात पडेल. वाचून घरी येण्याआधी तिकडं कळव.

आज लक्ष्मीपूजन. आपल्याकडं यंदा दिवाळी नाय. बंदरात सगळ्या होड्या तोरन लावून उभ्या. मी एकटा सकाळीच गेलो. अमावास्येचं उधान हाय, म्हनजे पानी उतरतं तेव्हा जास्तीत जास्त उतरतं आन चढतं तेव्हा जास्तीत जास्त चढतं. खरं माप आजच मिळनार होतं. जागा मला पक्की म्हाईत हाय. ओहोटी पुरी होईपर्यंत थांबलो, मग भरतीला थांबलो. दोन्ही वेळा दोरी तीन तीनदा टाकली.

ओहोटीला साडेतीन वाव. भरतीला सहा. एक वाव म्हनजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं, त्यांच्या मापात तू बसव.

दोरीला बांधलेल्या शिशाच्या बुडाला चरबी लावून सोडलं होतं, तळाचं काय लागतं ते बघायला. दर वेळी चिखल आला. खडक नाय. चिखल मऊ हाय.

तुझा बाप,
कमळाकर