पेल्यांचा राजा

४ मार्च

आपल्याला एखादी गोष्ट हवी असते, तेव्हा ती खरोखर आपल्यालाच हवी असते का? पाच वर्षं मानसशास्त्र शिकले, पदवीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे मैत्रिणींनी माझ्या डोक्यावर अंडी फोडली, पीठ उधळलं, आईने न्हाणीत बसवून केसांत वाळलेलं अंडं हसत-रडत धुतलं. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. म्हणून तर इथे आले.

पुएर्तो ओलाया हे पाराना नदीकाठचं गाव मला उतरल्या उतरल्याच आवडलं. धक्क्यावर जाळी वाळत होती. पाववाला बुस्तोस स्वतःहून माझी बॅग उचलून चालू लागला आणि वाटभर विचारत राहिला की मी डॉक्टरीणबाई असेन तर त्याच्या बायकोची जीभ बारीक करण्याचं औषध देईन का.

दॉन फेर्मिन लार्राल्दे ऐन उमेदीत राजधानीच्या रंगमंचांवर मनकवडे म्हणून गाजलेले. आता ऐंशीच्या घरात आहेत, डोळे जवळजवळ गेलेत, चालताना भिंत धरतात. तरी दर रविवारी दुपारी गावच्या क्लबात पत्त्यांचे प्रयोग करतात. माझं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्यांनी दोन महिने शिकायला बोलावलं. हातचलाखी नाही, शब्द. नुसत्या बोलण्याने समोरच्याच्या मनात पान कसं रुजवायचं, ते. शब्दांनी पान रुजवता येत असेल, तर दुखणाऱ्या माणसाच्या मनात आराम का रुजवता येऊ नये? मेच्या पहिल्या सोमवारी मला सांता फेच्या सरकारी इस्पितळात वेदना-विभागात रुजू व्हायचं आहे. वीटभट्टीवरचे सगळे बाबांना म्हणे विचारतात, मुलगी इस्पितळात काय पुसणार, लादी? बाबा सांगतात, लोकांचं डोकं.

घर ग्लादिसबाई सांभाळतात. पन्नाशीच्या, शांत. येर्बाचा, म्हणजे कडू पाल्याच्या गरम चहाचा, तुंबा भरून हातात देतात आणि तो रिकामा व्हायच्या आत तुम्हाला काय हवं ते त्यांना कळलेलं असतं.

९ मार्च

पहिला धडा. दॉन फेर्मिन म्हणाले, पानाचं नाव घ्यायचंच नाही. त्याच्या भोवतीचं घ्यायचं. राजा हवा असेल तर सांगायचं, आज इथे राज्य तुमचं, मी आपला चाकर, ऐटीत बसा. माणूस पाठ ताठ करतो आणि राजाच त्याच्या मनात येतो. मग लगेच म्हणायचं, घाई नको, वाटलं तर बदला. बदलायची मुभा दिली की कुणी बदलत नाही.

मी विचारलं, राजा ठीक, पण आपल्या चाळीस पत्त्यांतल्या चार राजांपैकी कोणता? नाण्यांचा, तलवारींचा, सोट्यांचा की पेल्यांचा? ते हसून म्हणाले, ते आपोआप येतं.

खरी कला मात्र नंतरची, असं ते म्हणतात. प्रयोग संपला की घडलेलं त्या माणसाला पुन्हा सांगायचं: चाळीस पत्ते होते, तुम्ही मोकळे होता, कुणी काही सुचवलं नाही. आठवड्याने तो शपथेवर तेच सांगतो. पान निवडायला लावणं पोरखेळ आहे, पोरी. ते त्याला स्वतःचं वाटायला लावणं, त्याला आयुष्य जातं.

हे मी इस्पितळात कसं वापरीन, या विचाराने दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

१५ मार्च

क्लबात खच्चून गर्दी. बुस्तोसला पुढे बसवलं. त्याने आधीच जाहीर केलं की त्याला मनच नाही, बायकोने लग्नातच काढून घेतलं. हशा. ग्लादिसबाई सगळ्यांना तुंबा देत फिरत होत्या. बुस्तोसला देताना म्हणाल्या, जपून हं, काठोकाठ भरलाय, ओठ भाजतील. दॉन फेर्मिन त्याला म्हणाले, आज राज्य तुझं. बुस्तोसने पोट आत घेतलं, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

पेल्यांचा राजा. दॉन फेर्मिननी नाव घेतलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. घरी जाताना मला म्हणाला, डॉक्टरीणबाई, मलाच ते पान घ्यावंसं वाटलं, कुणी काही म्हटलं नाही.

२२ मार्च

होडीवाला रामोन गेली चार वर्षं सासूला घरात घेत नव्हता. या आठवड्यात स्वतः जाऊन तिला ट्रंकेसकट घेऊन आला. धक्क्यावर सगळे त्याची टर उडवत होते, की आता नदीच्या मधोमध झोपायला जाणार का. मी सहज विचारलं, मन कसं बदललं? खांदा उडवून म्हणाला, मलाच आणावंसं वाटलं. कुणी काही म्हटलं नाही.

तेच शब्द. तोच क्रम. बुस्तोसनेही शेवटी असाच खांदा उडवला होता.

मी त्याला विचारलं, रविवारी क्लबात होतास का. होता म्हणे, मागच्या बाकावर. दॉन फेर्मिन त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

सासूचं भलंच झालं. मग मला बरं का वाटत नाही?

२ एप्रिल

ग्लादिसबाईंबरोबर चिपाच्या चीज-पावांचं पीठ मळत होते. त्यांनी सांगितलं, त्या इथे आल्या तेव्हा माझ्याएवढ्याच होत्या, एका उन्हाळ्यापुरत्या. कोंकोर्दियात त्यांचं लग्न ठरलं होतं. मग? मग राहावंसं वाटलं, त्या म्हणाल्या. कुणी काही म्हटलं नाही.

माझे हात पिठात तसेच थांबले.

मी खोदून विचारलं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की दॉन फेर्मिन कधीच थांब म्हणत नाहीत. ज्याला ठेवायचं, त्याला ते जा म्हणतात. मलाही उठता-बसता जा म्हणायचे, त्या म्हणाल्या. तू शहाणी आहेस बाई, तुझ्या लक्षात येईलच.

८ एप्रिल

परीक्षा घेतली. पत्ते पिसून, न बघता एक ओढला आणि दॉन फेर्मिनना ओळखायला सांगितलं. चुकले. पुन्हा चुकले. मग मनातल्या मनात एक पान धरलं, बागेत, आम्ही दोघंच असताना. तेही चुकले. स्वतःवरच हसले, म्हणाले, म्हातारा झालो, आता माझ्याने काही होत नाही.

त्रुको हा थापा मारायचा पत्त्यांचा डाव खेळणाऱ्या घरात मी वाढले. आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं, की जो हातात काही नाही म्हणून रडतो, त्याच्याचकडे तलवारींचा एक्का, सगळ्यात वरचढ पान, असतो. मुद्दाम चुकत होते. ग्लादिसबाईंना सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

१२ एप्रिल

आज न्याहारीलाच दॉन फेर्मिन म्हणाले, तू आता निघ. जे शिकायचं ते शिकलीस. सांता फेला आधी जा, खोली बघ.

जा.

मी शांतपणे सांगितलं की ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस जाईन. त्यांचा चेहरा नीट पाहिला. खरंच काळजी वाटावी असा होता. इतका खरा की उगाच नव्हती राजधानीतली नाट्यगृहं भरत.

१९ एप्रिल

आईचा फोन. विचारत होती, लोकरीचे कपडे मे महिन्यात इकडेच पाठवायचे की सांता फेला? कारण मीच धाकट्या बहिणीला, लुदमिलाला, ते इकडे पाठवायला सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. आठवतं. त्या वेळी किती साधं वाटलं होतं ते, मे सरला की हिवाळा, इथे थंडी पडेल, लागतील. पण थंडी पडेल तेव्हा मी इथे कशाला असेन?

लुदमिलाने मागून ओरडून विचारलं, की ताईसाहेब तिकडे कुणा म्हाताऱ्याच्या प्रेमात पडल्या की काय. आई तिच्यावर खेकसली.

हा विचार कुठून आला, ते शोधत बसले. लोकर. ग्लादिसबाई विणत बसतात. त्यांनी माझ्या खांद्याला विणकाम लावून मापही पाहिलं होतं, आणि म्हणाल्या होत्या की नदीवरची थंडी पहिल्या वर्षी बोचते. दॉन फेर्मिन त्यावर काय म्हणाले ते आठवत नाही. म्हणाले असणार. काहीतरी म्हणालेच असणार.

२४ एप्रिल

दॉन फेर्मिननी माझं मनगट धरलं. म्हणाले, पोरी, ऐक माझं, आजच्या बसने जा. मागे वळून बघू नकोस.

इतका जोर? मला घालवायचं असतं, तर एवढी खटपट कशाला? मी गेले तर त्यांच्या मनासारखं होईल. नाही— मी थांबले तर त्यांच्या मनासारखं होईल. नाही. ज्याला ठेवायचं त्याला जा म्हणतात, म्हणजे मी जायला हवं. पण हे मला कळलंय हे त्यांना कळलं असेल, तर—

डोकं फुटायची वेळ आली. ग्लादिसबाईंनी तुंबा दिला. म्हणाल्या, अशा गोंधळात निर्णय घेऊन इस्पितळात गेलीस, तर रोग्यांचं काय करशील? आधी स्वतःच्या मनाचा तळ बघावा माणसाने.

पटलं. उलगडा झाल्याशिवाय मी हलणार नाही.

२९ एप्रिल

इस्पितळात फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं.

मग घरी. आईने एवढंच विचारलं, का गं? मी म्हटलं, मला राहावंसं वाटलं. कुणी काही म्हटलं नाही.

माझ्याच तोंडून. माझ्याच आवाजात. तोच क्रम, आणि खांदाही—

३० एप्रिल

ग्लादिसबाई स्वयंपाकघरात कोट घालून उभ्या. पायाशी सुटकेस. कोंकोर्दियाची बस आहे म्हणाल्या. चेहरा कसा— पंचविशीतल्या मुलीसारखा.

माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, त्यांचा तुंबा फार गरम देऊ नकोस, सांडतात. तू चांगली मुलगी आहेस, आंधळ्या म्हाताऱ्याला टाकून जाणारी नाहीस. जाता जाता सगळं पुन्हा सांगितलं— तू मोकळी होतीस, तूच थांबायचं ठरवलंस, कुणी काही सुचवलं नाही—

दार लावलं. मी थांब म्हणाले नाही. का म्हणाले नाही?

१ मे

दॉन फेर्मिन रडत होते. म्हणाले, मी खरंच जा म्हणत होतो. खरंच.

त्यांनीच कबूल केलं, वीस वर्षांत त्यांना एकट्याने एक पान जमलेलं नाही. राजा ते आणायचे. पेले ग्लादिसबाईंनी आणले. काठोकाठ भरलाय, ओठ भाजतील— मी तिथेच उभी होते, लिहूनही ठेवलं, आणि ऐकलं मात्र नाही. कारण येर्बा देणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? रामोन मागच्या बाकावर होता. तुंबा मागच्या बाकापर्यंत जातो.

आधी मीच तिला असं अडकवलं होतं, म्हणाले. जा, जा म्हणून. तिने फक्त शिकून घेतलं.

२ मे

इस्पितळातून फोन. सोमवारी दुपारपर्यंत हजर झालीस, तर जागा अजून तुझीच.

जाते. पण यांना कुणाकडे सोडू? सकाळी येर्बाच्या डब्याऐवजी जळत्या चुलीवर हात ठेवला. दुसऱ्याच्या आधारावर टेकवून ठेवलेला माणूस आहे तो. बुस्तोसकडे गेले. त्याची बायको म्हणाली, छे बाई, हे काम तुलाच शोभतं, आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटतं. रामोनच्या सासूनेही तेच सांगितलं. तेच शब्द. कधी सांगितलं ग्लादिसबाईंनी या सगळ्यांना? कधीपासून?

कुणीतरी हवं. दुसरं कुणीतरी. एवढंच.

नाही. हा विचार माझा नाही.

माझाच आहे.

३ मे

लुदमिलाला फोन केला. ये म्हटलं नाही. एकदाही नाही. म्हटलं, इकडे अजिबात येऊ नकोस, सतरा वर्षांच्या पोरीला हे झेपायचं नाही, आई तर तुला सोडणारच नाही. घाई नको, म्हटलं, हवं तर विचार कर— ती उसळली. तू कोण मला सांगणारी? घरात एक शिकली म्हणजे बाकीच्या काय शेणाच्या?

मला सगळं ऐकू येत होतं, तिच्या मनात काय कुठे जाऊन बसतंय ते. ते सोपं होतं. देवा, किती सोपं.

आत्ता आईचा फोन येऊन गेला. कालवा करत होती. पोरीने ऐकलं नाही, पिशवी उचलली आणि बसमध्ये बसली. पहाटे पोचेल. माझी बस त्यानंतर तासाभराने. बॅग भरून झाली, दाराशी ठेवली. दॉन फेर्मिन आतून ओरडतायत, फोन कुणाला केलास, काय बोललीस तिला, भिंत धरत इकडेच येतायत, आणि मी खोलीच्या दाराची कडी लावून घेते—