आमच्या घरचा आधारस्तंभ

५ जानेवारी
आजपासून या घरात रडणं बंद. हिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. आधी ऑपरेशन, मग केमो. हिनं रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. मोठी मेहुणी रडली. खंबीर राहिलो तो मी एकटा. (घेरी आली होती, पण ती उपाशीपोटी असल्यामुळे.) ठरवलं: आशेचं डिपार्टमेंट माझ्याकडे. प्रत्येक केमोला जातीनं हजर राहणार.

२ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. मी हॉस्पिटलच्या गेटपर्यंत गेलो होतो. फिनेलचा वास आला आणि खांबाला धरून उभा राहिलो. हे कुणाला बोललो नाही. दोघांपैकी एकानं तरी ठणठणीत राहायला हवं, म्हणून परत फिरलो. आत मेहुणी होतीच.

२४ फेब्रुवारी
पहिली केमो. ऐन वेळी पोट बिघडलं. मेहुणी गेली सोबत. मी घरी बसून सुविचार लिहिले आणि बाथरूमच्या आरशावर चिकटवले. हसत राहा. मनात आणलं की सगळं होतं. वगैरे. ही संध्याकाळी आली, बेसिनवर वाकून ओकली, बेसिन घासलं आणि तुमचं पोट कसंय म्हणून विचारलं. मग सूप करून दिलं. मीठ जरा कमी होतं, पण मी अवाक्षर काढलं नाही तोंडातून. आजारी माणसाला बोलू नये.

१० मार्च
केस गळायला लागले. हिनं माझ्याच ट्रिमरनं डोकं साफ केलं. ब्लेड बोथट. तरी एक शब्द बोललो नाही. फक्त मेहुणीला फोनवर सांगितलं. आरशात आता हिला डोकं दिसत नाही, माझे सुविचार दिसतात. सोय झाली.
शोरूममध्ये जाहीर केलं, हिच्यासोबत मीही टक्कल करणार. टाइल्स बघायला आलेल्या गिऱ्हाइकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. कॅशियरबाईंच्या डोळ्यांत पाणी. शनिवारी नक्की.

शनिवार
न्हाव्यानं विचारलं, कुठले केस काढायचे? उद्धट माणूस. डावीकडून उजवीकडे आणतो तेवढेच काय ते उरलेत. तेही गेले तर हिला धक्का बसेल. केवळ तिच्यासाठी बेत रद्द.

८ एप्रिल
दुसऱ्या केमोला डीलरची मीटिंग होती. काल तिसरीला मान आखडली. पण एक समजलं. मेहुणी म्हणाली, नर्सबाई हिला सगळ्यांच्या आधी आत घेतात आणि सगळ्यांच्या आधी घरी सोडतात. सकारात्मक विचारांचा सरळ परिणाम. मेहुणी हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हती. मत्सर.
वॉर्डातून हिला एक वॉकरही मिळालाय, कुणा बऱ्या झालेल्या पेशंटचा. ही वापरत नाही. म्हणाली, राहू दे कोपऱ्यात. मी त्यावर टॉवेल वाळत घालतो.

२० एप्रिल
जेवताना ही म्हणाली, शेवटच्या केमोला तरी या हो, सुई लावतात तेव्हा फार भीती वाटते. नवल वाटलं. इतके सुविचार लावूनही? शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

२८ एप्रिल
गेलो. नाकाला रुमाल बांधून, पण गेलो. मेहुणीला मुद्दाम येऊ नका म्हटलं.
नर्सबाईंनी विचारलं, पेशंटचे कोण? म्हटलं, नवरा. बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. म्हणाल्या, अहो, तुम्ही चालायला लागलात? मी तोंड उघडेपर्यंत व्हीलचेअर आली.
कळलं ते असं. नवरा अंथरुणाला खिळलाय, पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं, घरी करणारं दुसरं कुणी नाही, असं हिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. म्हणून पहिला नंबर. म्हणून तो वॉकर. नाही म्हटलं असतं तर हिचं पितळ उघडं पडलं असतं, म्हणून बसलो. सलाईन लावलेल्या एका आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बायकोची पुण्याई म्हणाल्या. केस विस्कटले. इतक्यात हिला सुई लावून झालीसुद्धा. मी पाठमोरा होतो.
संपल्यावर गेटपर्यंत व्हीलचेअर ढकलायला कुणी नव्हतं. हिनंच ढकलली.
टॅक्सीत विचारलं, असं खोटं का सांगितलंस? ही म्हणाली, त्यातलं खोटं कुठलं, तेवढं सांगा. मी अजून विचार करतोय.

२८ एप्रिल, संध्याकाळ
मनाला लागलं. खूपच लागलं. ठरवलं, आजपासून हिला पाणी मी द्यायचं. ही पडून होती, अंगात त्राण नव्हतं. स्वयंपाकघरात गेलो. सगळी कपाटं उघडली. ग्लास कुठे ठेवतात ते कळेना. शेवटी हाक मारली. वॉकरची टकटक ऐकू आली. हिनं दोन ग्लास काढले, भरले, आधी मला दिला.
टॉवेल वाटेत पडलाय. सकाळी ही उचलेल.