मागचा माणूस

कोपरखैरणे,
९ फेब्रुवारी १९८६

आईस प्रल्हादचा मनापासून जय भीम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला कसा आहे? सुमी शाळेतून आल्यावर हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवेलच.

काल तळोज्याच्या कंपनीत काम थांबवून आम्हाला खेळायला लावलं. हसू नकोस! मुंबईहून एक बाई आल्या होत्या. साहेब-कामगारांत आपलेपणा वाढावा म्हणून त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं, टाळ्या वाजवत एकमेकांची नावं घ्यायला लावली. मग म्हणाल्या, डोळे मिटून मागे पडा, मागचा माणूस झेलेल. बाकीचे घाबरून पाय मागे टाकत होते. मी मात्र सरळ पडलो. मागे सुपरवायझर पेडणेकर होते, कायम ओरडणारे. त्यांनी झेललं. बाई म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात विश्वास!"

सुमी, इथून पुढचं मनातच वाच. विश्वास कसला गं, सलग दोन पाळ्या करून आलो होतो. डोळे मिटले आणि उभ्या उभ्याच झोप लागली. टाळ्यांनी जाग आली, पण डोळे उघडवेनात. पेडणेकर कानाशी पुटपुटले, "राहा पडून थोडा वेळ. मी धरलंय."

तुझा दादा,
प्रल्हाद