प्रस्थानाची पिशवी

अण्णा,

तुमची नात परवा मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवत होती. पहिल्यांदा प्रवासाला निघणारे लोक कुठे चुकतात, असा काहीतरी. एक तरतरीत मुलगी भराभर सांगत होती, सामान फार घेऊ नका, औषधं हाताशी ठेवा, सगळं एकाच पिशवीत कोंबू नका, रस्ता विचारायला लाजू नका. "आजीला घेऊन गेलीस ना इंदूरला, तेव्हा हे बघून जायचं की गं आई," असं ती हसत म्हणाली आणि मी तिच्यावर उगाच खेकसले. त्या मुलीने सांगितलेल्यात आमची चूक नव्हतीच. निघायच्या आधी आपली पिशवी शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवू नका, हे कुणाला सांगावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल. ते आपल्याच घरात घडू शकतं.

प्रस्थान ठेवायचं, हा तुमचा नियम. निघायचा दिवस पंचांगात बरा नसला, तर आधीची एखादी चांगली वेळ बघून पिशवी शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला. मग ती घरी परत आणायची नाही. निघताना तिथूनच उचलायची आणि मागे न बघता चालू लागायचं. तुम्ही गणित शिकवायचात, अख्खं अकोले तुम्हाला सर म्हणायचं, आणि घरातून बाहेर पडायचं म्हटलं की तुमच्या हातात आधी पंचांग यायचं. मला आजही तो स्वयंपाकघराचा दरवाजा दिसतो. इंदूरला मावशीच्या मुलीचं लग्न आहे, आईने तिच्यासाठी गुळाच्या पोळ्या केल्यात, डबा फडक्यात बांधून झालाय, आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून उंबऱ्यात उभे आहात. "उद्या शुक्रवार. तिथी बरी नाही. प्रस्थान आज ठेवू, उद्या निघू." पिशवी शेजारच्या हेडमास्तरांकडे गेली. शुक्रवारी तुम्हाला शाळेत काम निघालं, शनिवारी तुमचं पोट बिघडलं, आणि रविवारी इंदूरला लग्न लागलं. पिशवी शेजारापर्यंत जाऊन परत आली. आई तर तेवढीही गेली नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. म्हटलं, मी नेते आईला. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी तिला चंद्रावर न्यायला निघालेय. "दोघी बायका? प्रवास म्हणजे पोरखेळ वाटतो का तुला?" आई पोळ्यांचा डबा सोडत होती, आणि त्या पोळ्या मग आपणच आठवडाभर खाल्ल्या. तुम्हाला त्या आवडल्या, हेही मला आठवतं आणि त्याचाच जास्त राग येतो.

असं म्हणणं अन्यायाचं आहे, माहीत आहे. मला राहुरीला नोकरी लागली तेव्हा तुम्ही प्रवासात पाण्यासाठी फिरकीचा तांब्या घेऊन दिलात, स्टँडवर येऊन खिडकीची जागा धरलीत, ड्रायव्हरला दोनदा बजावलंत की मुलगी एकटी आहे. गाडी वळेपर्यंत तुम्ही तिथेच उभे होतात. पण अण्णा, जपून जपून माणसाचं कुठे जायचंच राहून जातं, त्याचं काय? मावशी आईची एकुलती एक बहीण. इंदूर काय विलायतेत आहे? तुम्ही असेपर्यंत जमलं नाही. तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे आली, मग तिचे गुडघे, माझी नोकरी. आणि या दिवाळीनंतर मावशीच्या सुनेचा फोन आला की सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, ताईंची, म्हणजे आईची, फार आठवण काढतात, जमलं तर लवकर या.

मी दुसऱ्याच दिवशीची सकाळची धुळ्याची गाडी ठरवली, तिथून पुढे इंदूर. आईने पंचांग काढलं. तुमचंच जुनं नव्हे, दरवर्षी नवीन आणते ती. दिवस अमावास्येचा निघाला. मी म्हटलं, आई, आता हे नको. तर म्हणाली, "एवढ्या वर्षांनी जातेय, अपशकुन कशाला? संध्याकाळी प्रस्थान ठेवते, झालं." चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, मावशीसाठी घेतलेलं लुगडं, सगळं एका पिशवीत घालून ती शेजारच्या काकूंच्या देवघरात ठेवून आली.

सकाळी काकूंच्या दाराला हे मोठं कुलूप. फोन लावला तर त्या जामखेडच्या पुढे पोचलेल्या. "आवं ताई, आमचं चुलतसासरं वारलं खर्ड्याला. पहाटंच निगालो बगा, घाईत तुमची पिशवी ध्यानातच न्हाई राह्यली. देवापाशी हाय, सुखरूप हाय. तोडा कुलूप, आमी काय म्हनत न्हाई."

मी खलातला बत्ता घेऊन कुलपासमोर उभी राहिले. आई पायरीवर बसली. "त्या घराला सुतक लागलंय. सुतकातल्या घराचं कुलूप फोडून बहिणीला भेटायला जायचं? तुझ्या वडिलांनी असं केलं असतं का?" मी ओरडले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले. म्हटलं, त्यांनी काय केलं असतं ते मला पाठ आहे, त्यांनी काहीच केलं नसतं! गोळ्या दुकानात मिळतील, चष्म्यावाचून दोन दिवस निघतील, लुगडं मी वाटेत घेऊन देते, ऊठ. आई उठली नाही. पिशवीशिवाय निघायचं नाही, ती उचलूनच निघायचं, हे तुम्ही तिच्या हाडात इतकं मुरवून ठेवलंय की तिथे माझा बत्ता काय करणार. धुळ्याची गाडी गेली. काकू तिसऱ्या प्रहरी आल्या, पिशवी काढून दिली आणि बिचाऱ्या अंगणात उभ्या राहून रडायला लागल्या. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो.

इंदूरला दार उघडलं ते मावशीच्या सुनेने. ती आईच्या पाया पडली आणि तशीच बोलली, "कालपर्यंत छान बोलत होत्या हो. ताई येणार म्हणून मला वेणी घालायला लावली. सारख्या दाराकडे बघत होत्या. आज सकाळपासून कुणाला ओळखत नाहीत." आई आत जाऊन मावशीच्या उशाशी बसली. वेणी तशीच होती, थोडी विस्कटलेली. आईने ती सोडली आणि पुन्हा घातली. दोन दिवस ती मावशीशी बोलत होती, लहानपणीच्या चिंचेबद्दल, पोळ्यांबद्दल, लग्नाला येता आलं नाही त्याबद्दल. मावशी छताकडे बघत होती. तुमचं नाव आईने एकदाही घेतलं नाही. दोष तर नाहीच दिला. तिने दिला असता तर मला एवढा द्यावा लागला नसता.

परतताना गाडीत म्हणाली, "थकली आहे नुसती. बरी झाली की ओळखेल. आपण परत येऊ, आता मला जमतं." तेव्हापासून ती बदललीय, अण्णा. एक पिशवी भरून खुंटीला लावून ठेवलीय, म्हणते कधीही निघू, वार बघायचा नाही.

मागच्या आठवड्यात, आई देवळात गेली होती तेव्हा, इंदूरचा फोन आला. मावशी गेली. तेव्हापासून रोज सकाळी चहा घेताना आई विचारते, कधी निघायचं? आणि मी सांगते, तिकडे थंडी फार आहे गं आई, जरा कमी होऊ दे.