वर खरा पत्ता, खाली परकं पान

११ मार्च
पक्कं झालं. कॉलेजात संगणक शिकवणारे इनामदार सर म्हणाले, पद्माक्काची चूक नाही, दोष तिच्या मोबाइलमधल्या ब्राउझरचा. लिंक दाबली की पान चोराचं उघडतं, वरच्या पट्टीत पत्ता मात्र कुरिअर कंपनीचाच दिसतो. करून दाखवलं. मीही फसलो असतो.
अक्का शेजारची. चादरी-टॉवेलांच्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. पार्सलची लिंक आली, त्या पानावर तिने मोबाइलवर आलेला कोड भरला नि व्हॉट्सॲप गेलं. आता चोर तिच्या नावाने गिऱ्हाइकांकडे ॲडव्हान्स मागतोय.
"तुमीच लिवलं होतं की अण्णा पेपरात, वरचा पत्ता वाचून मग पुढं जावा. वाचले की मी!"
दर मंगळवारची ती सल्ल्याची चौकट माझीच. आजही छापून आलीय.

१२ मार्च
खुलासा लिहून दिला. संपादक : "ब्राउझरवाल्यांचा दुजोरा?" मेल केलाय, उत्तर नाही. "मग थांब. नोटीस आली तर तू जाणारेस का कोर्टात?" म्हटलं, नाव कुणाचंच नको, फक्त आपला सल्ला मागे घेऊ. "बघू."
म्हणजे होल्डवर.
संध्याकाळी अक्काकडे मंगळवेढ्याच्या दुकानदाराचा फोन. तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "लई इस्वास व्हता की ओ तुमच्यावर." तिने फोन माझ्या हातात दिला. सांगितलं सगळं. "तुमी कोण?" म्हणाला नि ठेवला.

१३ मार्च, होळी
उद्या धुळवडीची सुट्टी, परवा अंक नाही. आज खुलासा गेला नाही तर थेट रविवार. आणि सकाळी तीच लिंक अक्काच्या नंबरवरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. बायको म्हणाली, "उघडली मी. पत्ता बरोबर दिसला. कोड भरणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली."
संपादकांकडे गेलो. खुलासा नसेल तर चौकटीवरचं माझं नाव काढा म्हटलं. त्यांनी चष्मा पुसून पान चारचा आराखडा ओढला. "पान चार, तळाला. सहा ओळी. सरांच्या हवाल्याने. जाहिरात आली तर उडेल, सांगून ठेवतो."
अक्काला कळवलं. म्हटलं, छापून आलं की दुकानदाराला फोटो पाठव.
"कुठल्या नंबरनं? आमच्या यांच्या? अनोळखी नंबरचा फोटो उघडंल व्हय तो आता? पेपरच नेते की."
सकाळच्या पहिल्या एसटीने मंगळवेढ्याला निघणार म्हणते. त्याआधी स्टँडवर अंक घेईल.
पान चार अजून छपाईला सुटलेलं नाही. जाहिरात विभागात फोन वाजतोय.