वाकडी तेरा

१४ मे, बुध.

उगवण तपासायला लावलेले लॉट सतराचे चारही रोल आज उघडले. आठवा दिवस. ओल्या कागदात गुंडाळलेलं सोयाबीन, शंभर-शंभर दाणे. सरासरी निघाली: सरळ ६१, वाकडी १३, मेलेली २६. लॅबमध्ये रोल धुणाऱ्या फरीदाबाजींनी एकदा मोजलं, मी दोनदा. पास व्हायला सरळ सत्तर लागतात. वहीत लिहिलं, फेल, खाली सही ठोकली.

वाकडी म्हणजे मूळ खुंटलेली, नाहीतर डाळ मोडलेली. कागदात हिरवी दिसतात, मातीत मरतात. लॅबमध्ये नवीन येणाऱ्याला एवढं शिकवायलाच मला आठवडा लागतो.

संध्याकाळच्या पॅसेंजरला बदनापूरपर्यंत उभी. पाय गेले कामातून.

१६ मे, शुक्र.

सो. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सोनटक्के सर लॅबचे मॅनेजर, पण आवाज कधी चढत नाही. आई गेली तेव्हा न मागता बारा दिवस सुट्टी दिली होती या माणसानं. त्यामुळं धड भांडताही येत नाही.

"सुमनताई, सतरा नंबर बराबर करून द्या."

म्हटलं, सर, तो बराबरच आहे. एकसष्ट.

"तसं नाही हो. बराबर *करून* द्या."

आमच्याकडं बराबर म्हणजे खरं, जसं आहे तसं. आणि बराबर करून म्हणजे त्याच्या बिलकुल उलटं. एका 'करून'मध्ये केवढा घोटाळा मावतो.

"ती तेरा वाकडी आहेत ना, ती सरळमध्ये घ्या. लेकरू वाकडं असलं तरी लेकरूच असतं." हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, वरून फोन आहे, गाड्या भरून उभ्या आहेत. आणि जूनमध्ये तुमचं काँट्रॅक्ट रिन्यूला येतंय, ते मी बघतो, काळजी करू नका.

धमकी नव्हती. खरंच काळजीनं बोलले. धमकी असती तर निदान चिडता आलं असतं.

१७ मे, शनि.

केलं.

६१ आणि १३, ७४. कॉम्प्युटरमध्ये ७४, पास. वहीत खाडाखोड नाही, वही जशीच्या तशी. दिवसभर मनाला समजावत होते, खोटं कुठं लिहिलं, बेरीज तर केली.

रात्री नवऱ्याला, प्रकाशला सांगितलं. त्याची शाळा विनाअनुदानित, आज ना उद्या पगार सुरू होईल या आशेवर नववं वर्ष. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मग दुसरं काय करणार होतीस?" मी त्याच्या ताटात भाजी वाढली. त्यानं परत विचारलं नाही.

२८ मे, बुध.

आज सगळ्यांना ट्रेनिंग. कॉम्प्युटरवरच. 'कामाच्या ठिकाणी नीतिमत्ता.' पाऊण तासाचा व्हिडिओ, मग दहा प्रश्न. सहावा प्रश्न असा: वरिष्ठाने नोंद बदलायला सांगितली तर तुम्ही काय कराल? अ, ब, क, ड; क म्हणजे नकार देऊन वरच्यांना कळवणे.

शेजारच्या खुर्चीवर सो. सर. ते माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "सहाव्याचं क ना?"

म्हटलं, हो सर, क.

मला दहापैकी दहा. नावाचं सर्टिफिकेट आलं, रंगीत. फरीदाबाजींना कॉम्प्युटर येत नाही म्हणून त्यांचंही मीच भरलं. त्यांनाही दहा. आमची लॅब इमानदारीत शंभर टक्के पास आहे.

१ जून, रवि.

विहारात वंदना. पंचशील म्हणताना पहिली तीन नेहमीसारखी म्हटली. चौथ्याला, मुसावादाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, आवाज फुटेना. ओठ हलवले नुसते. शेजारच्या गायकवाडबाईंना वाटलं घसा बसलाय, घरी येताना लवंग दिली त्यांनी. खाल्ली.

लहानपणापासून हे शील पाठ आहे. पाठ असण्याचा काय उपयोग होतो कोण जाणे.

५ जून, गुरु.

हे लिहायला नको वाटतंय.

दुपारी लॅबमध्ये मामांचा फोन. राजूरच्या अलीकडं त्यांची वस्ती, आपलीच माणसं, आठ घरं. बियाणं आमच्या कंपनीचं घेतलंय, कारण काय तर "आमची भाची पास करती ते." मामा सगळ्यांना हेच सांगत फिरतात.

"सुमे, मह्या गोणपाटात साठच निघाले बग. आन् पिशवीच्या चिठ्ठीवर तं सत्तरच्या वर लिव्हलंय."

मामांचं गोणपाट. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीला ठेवायची, रोज पाणी मारायचं, मग मोजायचं. सात वर्षांची असताना मी ते त्यांच्या ओसरीवर शिकले. लॅबमधला कागदाचा रोल म्हणजे दुसरं काय आहे. पहिल्या दिवशी इथं मला काम शिकवायला लागले तेव्हा मी हसले होते, म्हटलं हे तर आमच्या मामांचं गोणपाट.

लॉट कोणता विचारला. चिठ्ठी वाचून म्हणाले, सतरा.

समोर सो. सर कागदांवर सह्या करत बसलेले. पेन थांबला त्यांचा. वर बघितलं नाही, फक्त पेन थांबला.

मी म्हणाले, "मामा, तुमचं गोणपाट वाळलं असंल मधीच. बियाणं बराबर आहे."

"बराबर हाय ना? मंग झालं. लोकं थांबलेत पेरायचे, सांगतो त्यांला."

ती तेरा मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतली होती. हे मात्र माझं एकटीचं. कुणी सांगितलं नव्हतं.

६ जून, शुक्र.

सकाळी गाडीत मामांना दोनदा फोन लावला, दोनदा वाजायच्या आत कापला. काय सांगणार? पेरू नका? का पेरू नका? मग सगळंच सांगावं लागेल.

काँट्रॅक्ट रिन्यू झालं. सो. सरांनी पेढा दिला. पर्समध्ये ठेवला तो चिकटून बसला.

१० जून, मंगळ.

मामांचा मिसकॉल. मी केला तर म्हणाले, "काई न्हाई, पेरनी चालू केली, तुला सांगावं म्हनलं."

आता फोन करायचा प्रश्नच मिटला. आणि लाज वाटते लिहायला, पण सुटका झाल्यासारखं वाटलं. किती नीच.

२१ जून, शनि.

मामांच्या शेतात तासांत खांडण्या पडल्यात, मधे मधे उगवलंच नाही. मामांनीच सांगितलं, चिडून नाही. चिडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. म्हणाले, "मीच खोल पेरलं असंन. वय झालं, हाताचा आंदाज चुकतोय."

चाळीस वर्षं तिफण धरलेला माणूस. त्याला मी त्याच्याच हाताविषयी शंका घ्यायला लावली.

२२ जून, रवि.

राहवेना, गेले. राजूरच्या बसमध्ये गणपतीला निघालेल्या बायांची गर्दी, मांडीवर कुणाची तरी नारळाची पिशवी. वस्तीवर उतरले तेव्हा रस्त्यानंच दिसलं. चार रोपं, मोकळी जागा, दोन रोपं, मोकळी जागा. मी मोजत नव्हते. डोळे आपोआप मोजतात, धंदाच तो.

मोकळ्या जागी उकरून बघितलं. डाळ मोडलेलं, मूळ खुंटलेलं, मातीखालीच कुजलेलं. माझी तेरा.

तीन घरी चहा झाला. लोक नीट बसवत होते, पाणी देत होते, आणि मामांशी बोलत नव्हते. मामी मागच्या दारी म्हणाल्या, लोकं म्हनून राह्यले का यांनं कंपनीचं कमिशन खाल्लं, म्हनून तर घरोघर सांगत फिरत व्हते. दुबार पेरणीला परत सगळ्यांनी बियाणं आणलंय, मामांना सोडून, दुसऱ्या दुकानातून. मामांना विचारलंही नाही.

निघताना उंबऱ्यात पाय पुसले आणि खाली बघितलं. गोणपाट होतं. कडेला निळ्या दोऱ्याची शिवण, ती माझ्या आईनं घातलेली.

म्हटलं, मामा, हे इथं?

"ते व्हय? जुनं झाल्तं. खोटं दाखवाया लागलं. म्हनलं पाय पुसाया तरी कामाला यील."

बसमध्ये पूर्ण रस्ता रडले. शेजारची बाई म्हणाली, माहेराहून आलीस का गं. हो म्हटलं.

२६ जून, गुरु.

तक्रार झाली. वस्तीवरच्या सात घरांनी सह्या केल्या. मामांनी केली नाही. "भाचीची कंपनी हाय" म्हणून. आता तर लोकांची खात्रीच पटली.

कंपनीचं उत्तर ठरलंय: पेरणी खोल, ओल अपुरी. मसुदा टाइप करायला माझ्याकडंच आला. टाइप केला. एक स्पेलिंग चुकलं होतं तेही सुधारलं.

३० जून, सोम.

तालुक्याची समिती गुरुवारी शेतावर येणार, आणि लॅबची वही मागवणार. सो. सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

"ताई, ती वही फार खराब झालीय. डाग पडलेत. नवी वही करा, मेपासूनचं बराबर उतरवून काढा. माझी सही मी करतो, तुमची तुम्ही करा."

मी विचारलं, सर, तुम्हाला झोप लागते?

पहिल्यांदाच मी एवढं बोलले. ते खिडकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझं एकट्याचं असतं तर..." पुढं बोललेच नाहीत. मीही प्रकाशला हेच वाक्य म्हणते, अर्धंच.

फरीदाबाजी रोल धूत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, "मैं बी गिनी थी ना. इकसठ. मेरेकू तो कोई पूछताच नई." मग परत नळ चालू केला. बावीस वर्षं इथं आहेत, कुठल्याच कागदावर त्यांची सही नाही.

२ जुलै, बुध.

सुट्टी टाकली, घरी बसून नवी वही लिहितेय. कोरा कागद, नवा पेन. लॉट एक ते सोळा जसेच्या तसे उतरवले. अक्षर चांगलं आलंय. सतराच्या पानावर तारीख लिहिली, रोल चार लिहिलं, 'सरळ' लिहिलं आणि पुढं रकाना मोकळा.

प्रकाश शाळेतून आला, दोन्ही वह्या बघितल्या. म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "मी सांगितलं आणि नोकरी गेली तर जन्मभर मला म्हणशील. नाही सांगितलं तरी म्हणशील." खरंच आहे. चहा करून दिला त्यानं.

जुनी वही दाखवली तर मी जाणार. सो. सर जातील का नाही माहीत नाही, कॉम्प्युटरवर नाव माझं आहे. नवी दाखवली तर मामा जातील. म्हणजे जिवंत राहतील, पण त्या वस्तीवर खोटारडे म्हणून. आणि पेरलेलं तर दोन्हीकडून उगवणार नाहीच. कुणाचंच भलं नाही यात. सहाव्या प्रश्नाला क लिहिणाऱ्यांनी हे कधी मोजलंय का?

संध्याकाळपर्यंत रकाना मोकळाच.

३ जुलै, गुरु.

पिशवीत दोन्ही वह्या घातल्या. डबा घातला. पॅसेंजरला अजून वीस मिनिटं आहेत. चप्पल घालत होते तेवढ्यात मामांचा फोन.

"सुमे, आज ते सायबं येनार शेतावर. तू घाबरू नको. मी सांगून टाकतो, चूक मही झाली, खोल पेरलं. बियान्याचं नाव येऊच द्यायचं न्हाई. तुह्यावर काई येनार न्हाई."

मी चप्पल काढून परत आत आले.

"फकस्त तू एकदा सांग मला. बियानं बराबर व्हतं ना? मंग मला सांगाया जड न्हाई जानार."

म्हटलं, मामा, थांबा. वही बघून सांगते.

पिशवीतून दोन्ही वह्या काढून समोर ठेवल्यात. फोन बाजूला चालू आहे. तिकडं मामी काही तरी विचारताहेत, आणि मामा त्यांना सांगताहेत, थांब, ती वही बघून राह्यली.